खचलेली कड

मल्लाप्पा तीस वर्षं बांधकाम खात्यात मुकादम होता. रस्ता कुठं खचणार हे त्याला पहारीच्या आवाजावरून कळायचं. निवृत्त झाल्यावर तो राजारामपुरीतल्या दहाबारा जणांना घेऊन दर रविवारी सकाळी शहराबाहेरच्या डोंगरावर, वनउद्यानात जायचा. पायवाटेवरची झुडपं तोडायची, चर मोकळे करायचे, घोड्याच्या वाटेवर मुरूम टाकायचा. पगार नाही, हुकूम नाही; हौसेचं काम.

घोडी तिथं एकट्या केरबाचीच. पोराबाळांना बसवून तो लगाम धरून पायी चालायचा.

२००५ साली डोंगर महिनाभर भिजत होता. ऑगस्टात उघडीप मिळाली तेव्हा वळणावरची कड खालून पोखरलेली दिसली. मल्लाप्पानं पहार आपटली. आवाज पोकळ आला.

"हितं दगडी बांध घालाय पायजे," तो म्हणाला.

कापडदुकानदार महावीर चिखलानं माखून बसला होता. "आज न्हाय व्हायचं, मुकादम. माणसं दमल्यात. पुढच्या रविवारी घालू की."

"मग काटेरी फांद्या टाकून वाट बंद करा."

एवढ्यात केरबा घोडी घेऊन आला. "महिनाभर घोडी दावणीलाच हाय, मुकादम. आज कुठं ऊन पडलंय. वाट चालंल का न्हाय तेवढं सांगा. तुमी म्हणशीला तसं."

सगळे मल्लाप्पाकडं बघू लागले. त्याला ते बघणं आवडलं. तो कडेवर उभा राहिला, दोनदा उडी मारली. माती हलली नाही.

"चालंल," तो म्हणाला. "आतल्या अंगानं ने."

दुपारी केरबा मोकळी घोडी घेऊन वर निघाला होता. वळणावर कड सुटली. घोडी त्याच्यासकट घळीत गेली आणि त्याच्याच अंगावर पडली. लोकांनी उचललं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. घोडीचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. संध्याकाळी गुरांच्या डॉक्टरनं तिला इंजेक्शन देऊन संपवलं.

वनखात्याच्या पंचनाम्यात अतिवृष्टीमुळे दरड खचली असं लिहिलं गेलं. मल्लाप्पानं खाली सही केली.

बाराव्या दिवसानंतर तो केरबाच्या घरी गेला. त्याची बायको तानाबाई उंबऱ्यात बसली होती.

"वैनी, कड पोकळ हाय हे मला कळलं हुतं," तो म्हणाला. "तरी मी चालंल म्हणालो."

तिनं मान वर केली.

"त्या दिवशी सकाळी मी म्हणाले, आज जाऊ नगासा, माती वली हाय. तर धनी म्हणालं, मुकादम हाईत की वाटंवर." तिनं पदर तोंडाला लावला. "जावा आता तुमी."

मल्लाप्पा तडक वनखात्याच्या कचेरीत गेला. पंचनामा बदलायचा आहे, म्हणाला. कारकून म्हणाला, फाईल वर गेली.

रविवारी त्यानं सगळ्यांसमोर तेच सांगितलं. महावीर तांबडालाल झाला. "मिटलंय ते उकरताय कशाला? आमालाबी गोवताय व्हय?"

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. मल्लाप्पा एकटाच गेला, दिवसभर दगड वाहून त्यानं वळणाखाली बांध घातला. त्या वाटेवरून चालायला आता घोडं नव्हतं. तानाबाई पेठ वडगावला भावाकडं निघून गेली, असं त्याला बाजारात कळलं.