काळं शेण

गल्लीतल्या मावशीने पत्र्याच्या झाकणावर आणलेलं शेण कंपाउंडरच्या पुढ्यात धरलं. "बघ रे, डांबरासारखं काळं. कालपासून गाय चाऱ्याला तोंड लावत नाही."

गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं घासलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. पोटात जखम होऊन रक्त वाहत होतं. तो तसाच तिच्या गोठ्यात गेला, गायीचा ओठ उचलून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"दूध वाढावं म्हणून खुराक जास्त घातला," मावशी म्हणाली. "माझा हावरटपणा नडला बघ."

त्याने डॉक्टरांना फोन लावला. "निघालोच," डॉक्टर म्हणाले, "आधी काही औषध दिलं होतं का?"

कंपाउंडरला गोळ्या आठवल्या. पंधरा दिवसांपूर्वी गाय लंगडत होती तेव्हा डॉक्टरांनी दुखणं थांबवायच्या गोळ्या तीन दिवस लिहिल्या होत्या. गाय चालू लागली, गल्लीत सगळे त्याला 'छोटे डॉक्टर' म्हणू लागले आणि स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढली. मावशी म्हणाली, "अजून दे की," आणि याने दहा दिवस दिल्या. त्या गोळ्या पोट सोलतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

गप्प बसला असता तरी चाललं असतं. मावशीने खापर स्वतःवर फोडून घेतलंच होतं. त्याला तिच्याकडे बघवेना.

"तीन दिवसांच्या गोळ्या मी दहा दिवस दिल्या, साहेब," तो मावशीसमोरच म्हणाला.

डॉक्टरांनी येऊन शेजारच्या बैलाचं रक्त चढवलं, पण उपयोग झाला नाही. दुपार कलताना गाय गेली. तिचं डोकं कंपाउंडरच्या मांडीवर होतं.

"अजून दे, असं मीच म्हणाले होते," मावशी म्हणाली.

"तुम्ही म्हणणारच, मावशी. नाही म्हणायचं काम माझं होतं."

ती उठून आत गेली. गल्लीत पुन्हा कुणी त्याला छोटे डॉक्टर म्हटलं नाही.

दोन महिन्यांनी त्याच गायीची कालवड लंगडू लागली. मावशी तिला दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी लिहिली. गोळ्या काढायला कंपाउंडर पुढे झालाच नाही. मावशीने चिठ्ठी नेऊन त्याच्याच हातात दिली.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"तीन."

"रोज तूच येऊन दे," ती म्हणाली आणि कालवडीचं दावं त्याच्या हातात दिलं.

त्याने तीन दिवसांच्या गोळ्या मोजल्या, परत ओतल्या आणि पुन्हा मोजल्या.