तीन नंबरच्या खिडकीवर आत्या

माझं काम डबे परत घेण्याचं. टीव्हीचे डबे, इंटरनेटचे राउटर, त्यांचे अडॅप्टर, वायरी, रिमोट. लोक कनेक्शन बंद करतात, कंपनीचं भाड्याचं सामान माझ्या तीन नंबरच्या खिडकीवर आणून ठेवतात आणि सुटलो बुवा म्हणून घरी जातात. सुटत मात्र नाहीत. महिन्याभराने त्यांना बिल जातं: उपकरण जमा नाही, दंड भरा.

डब्याचा नंबर मशीनवर मारला की तो जमा होतो आणि पावती निघते. पण गर्दी असली की साहेबांचा हुकूम असा, की पावती मागेल त्याचा नंबर आत्ता मारा, न मागेल त्याचा डबा मागच्या मांडणीवर ठेवा, उद्या बघू. हा उद्या कधी उजाडतो आणि तोवर कुठला डबा कुणाचा, याची कुणालाच पडलेली नसते. गिऱ्हाईक भरतं दंड. साहेब याला 'प्रक्रिया' म्हणतात. घरी मी याला चोरी म्हणते, ऑफिसात तोंडातून ब्र काढत नाही.

मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून असेल, नात्यागोत्यात मी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. डब्याच्या पोटावरच्या नंबरचा फोटो काढा. अडॅप्टर विसरू नका, त्याचे वेगळे पैसे लावतात. शेवटच्या तारखेची वाट बघू नका. आणि मागची माणसं कितीही बोंबलली तरी पावती हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आत्याने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. आत्या तशीच. मोठ्या दवाखान्याच्या औषधांच्या कोठारात तिने तीस वर्षं नोंदी ठेवल्या, एक गोळी इकडची तिकडे झाली नाही. नवरा गेल्यावर बँक, कर, घराच्या दुरुस्त्या, सगळं एकटीने निभावलं. माझ्या शिक्षणाची चार वर्षं मी तिच्याकडेच राहिले. परीक्षेच्या दिवशी ती अर्धी रजा टाकून मला सोडायला यायची आणि पेपर संपेपर्यंत फाटकाबाहेर उभी राहायची. "तुझा काय भरवसा, रडत बाहेर आलीस तर?" असं वर म्हणायची.

गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या दादाने, तिला आपल्याकडे राहायला बोलावलं. आत्याने एकच अट घातली. "माझे व्यवहार मी बघणार. मी तुझ्याकडे राहायला येतेय, दत्तक नाही." दादाने हसून कबूल केलं. मग तिने घर आवरायला काढलं, टीव्हीचं कनेक्शन बंद केलं, आणि डबा परत करायच्या मुदतीला चांगले चार दिवस असताना ती पिशवी घेऊन माझ्या खिडकीवर हजर झाली.

नेमकं त्याच सकाळी शेजारच्या काकांना रांग मोडून आत घेतलं म्हणून साहेबांनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. "ही खिडकी म्हणजे तुमचं माहेर नाही," असं म्हणाले होते. आणि आत्याचा नंबर आला तेव्हा ते माझ्या मागेच उभे होते.

"अगंबाई, केवढी वाळलीस!" आत्या काचेतून म्हणाली. "खातेस की नाही वेळेवर?"

रांग हसली. माझी कानशिलं तापली.

"ताई, सामान इथे ठेवा," मी म्हणाले.

आत्याला मी ताई म्हणाले. रस्त्यावरच्या कुठल्याही बाईला म्हणावं तसं. तिला ते क्षणात कळलं, आणि तिने सामान मांडलं. डबा ओल्या फडक्याने पुसलेला. वायर गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. रिमोटचे सेल काढून वेगळ्या पुडीत ठेवलेले. इतकं नीटनेटकं सामान त्या खिडकीवर आजवर कुणी आणलं नव्हतं.

"पावती..." ती हळूच म्हणाली.

मशीन त्या दिवशी अडून बसलं होतं, एकेका पावतीला पाच मिनिटं खात होतं. साहेबांच्या बुटाची टकटक मला ऐकू येत होती. मी पुटपुटले, "मी करते नंतर. तू जा ना."

"तू आहेस म्हटल्यावर प्रश्नच मिटला," ती म्हणाली आणि कठड्याला धरत पायऱ्या उतरून गेली. मी डबा मागच्या मांडणीवर ठेवला. संध्याकाळी निवांत नंबर मारू म्हटलं. चारला शाळेतून फोन आला, लेकीला ताप होता. तशीच धावले, दोन दिवस घरी राहिले. तिसऱ्या दिवशी मांडणी रिकामी. सामान गोदामात गेलं होतं.

"सगळ्यांचे नंबर मारले का?" मी शेजारच्या खिडकीवरच्या चष्मेवाल्याला विचारलं.

"मारले असतील," तो म्हणाला.

त्या 'असतील'वर मी समाधान मानलं. आत्याचा नंबर संगणकात घालून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मी काढलं नाही, याची मला आज लाज वाटते.

आत्या फोनवर कधी काही बोलली नाही. सहा महिन्यांनी मी दादाकडे गेले तेव्हा मात्र पाय ठेवताच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भाजीवाला दाराशी आला तर आत्याने वहिनीकडे सुटे पैसे मागितले. आत्याने! औषधाची गोळीसुद्धा वहिनी हातावर ठेवत होती.

दादाने मला गॅलरीत नेलं. "आईचं आता जरा... विसरायला लागली आहे," तो म्हणाला. "ते केबलचं झालं तेव्हा लक्षात आलं. दंडाचं बिल आलं. म्हणे डबा दिला, पावती घेतली, पण हरवली. कुठे ठेवली ते सांगता येईना. शेवटी म्हणाली, माझीच चूक, भरून टाक. आई असं म्हणते? तुला फोन लावतो म्हटलं तर अंगावर आली. पोरीला यात ओढायचं नाही, म्हणे. तेव्हाच मी बँक, कपाटाची किल्ली, सगळं माझ्याकडे घेतलं. उगाच कुणी फसवायला नको."

ती खोटं बोलली होती. माझी नोकरी जाऊ नये म्हणून जन्मात पहिल्यांदा कागद हरवल्याचं बोलली होती. तिथल्या तिथे मी तोंड उघडायला हवं होतं. पण मी म्हटलं, आधी पुरावा आणू, मग बोलू.

गोदामात दोन दिवस धूळ खाऊन मी तो डबा शोधला. दोरा तसाच होता. साहेबांना लेखी दिलं की चूक माझी, गिऱ्हाइकाची नाही. त्यांनी मला खिडकीवरून उचलून मागच्या खोलीत बसवलं. दंडाचे पैसे आत्याच्या खात्यात परत आले, आणि तसं कंपनीचं पत्र घेऊन मी मागच्या रविवारी दादाकडे गेले. आत्यासमोर त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

दादा ऐकताना मान डोलवत होता, मायेने. "गुणाची आहेस गं तू," तो म्हणाला. "पण मला कशाला पटवतेस? तिने तुझं एवढं केलं, तू तिला सांभाळून घेणारच. वशिला लावून पैसे परत आणलेस, तेच पुष्कळ झालं."

"वशिला नाही रे! तिने पावती हरवली नाही. मी दिलीच नव्हती."

"बरं बरं."

मी आत्याकडे वळले. "आत्या, तू तरी सांग याला. त्या दिवशी दिली का मी तुला पावती?"

आत्याने दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दिली असशील गं," ती म्हणाली. "माझंच हल्ली लक्षात राहत नाही."

ती अजूनही मला वाचवत होती, की सहा महिने तेच ऐकून तिला ते खरं वाटायला लागलं होतं, मला कळेना. चार वर्षं तिच्या घरात राहिले, तिचा चेहरा मला पाठ होता. तरी कळेना. काहीही असलं तरी करणी माझीच.

दादाने माझ्या हातातलं पत्र घेतलं, वाचलं, घडी घातली आणि स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली फिरवली. ते घ्यायला आत्याने हात पुढे केला होता. तो तिने हळूच मागे घेतला आणि गुडघा चोळायला लागली.