हिरवा स्वेटर

गावाबाहेरच्या दोन खोल्यांच्या त्या बालवाडीत दुपारच्या झोपेचा एक नियम होता. प्रत्येक मूल घरचे एखादे कापड उशाशी घेऊन झोपे आणि ते कापड तिथे कधीही धुतले जात नसे. घरचा वास आला की मूल निजते, असे बाईंचे मत. मुलांना सांभाळणाऱ्या मावशींना मात्र मळके कापड दिसले की त्यांचे हात शिवशिवत.

पिटुकलीच्या उशाशी आईचा हिरवा स्वेटर असे. आई हिवाळ्याच्या तोंडाशीच वारली होती.

त्या दिवशी बाई बैठकीसाठी शहरात गेल्या होत्या. सकाळीच वर्गातल्या भोपळ्याने, म्हणजे सगळे ज्याला त्या नावाने हाक मारत त्या गुटगुटीत मुलाने, दुधाचा पेला स्वेटरवर उपडा केला.

"तुझं पोट भरलं, म्हणून आता स्वेटरला पाजतोस होय रे लबाडा?" मावशी म्हणाल्या.

दूध नासेल, मुंग्या लागतील, या काळजीने त्यांनी स्वेटर साबण लावून खळखळून धुतला, कडक उन्हात वाळवला आणि घडी घालून जागेवर ठेवला.

दुपारी पिटुकलीने त्यात तोंड खुपसले आणि ती थबकली. तिने बाही हुंगली, गळा हुंगला, मग स्वेटर उलटा करून आतली शिवण हुंगली.

"मावशी, हा दुसरा आहे."

"अगं, तोच तो! कोपराचं भोकसुद्धा तेच बघ."

"यात आई नाही."

ती रडली नाही. छताकडे टक लावून पडून राहिली.

संध्याकाळी तिचे वडील ट्रॅक्टर दारात उभा करून आत आले. मावशींनी अडखळत सगळे सांगितले. "चुकलंच माझं, दादा. घरी हिच्या आईचं दुसरं काही असेल ना?"

"नाही हो. घरच्यांनी सगळं देऊन टाकलं. हा तेवढा मी लपवला होता." त्यांनी स्वेटर हातात घेतला. "दुपारी हिच्याकडे, रात्री माझ्याकडे, असं आमचं ठरलेलं."

सवयीने त्यांनी तो नाकाशी नेला. मग हळूच खाली घेतला.

"डाग गेला का?" त्यांनी विचारले.

"गेला."

"बरं झालं."

पिटुकलीने वर पाहिले. बापाचा चेहरा तिला कळला असावा. तिने स्वेटर त्याच्याच छातीशी ढकलला.

"बाबा, आता दुपारीही तूच घे."