मॅटवरची नावं

मावशीला मूलबाळ नाही. भाचरांचे फोटो-अल्बम सजवणं हाच तिचा संसार. त्यासाठी ती ब्लेडने कागद कापणाऱ्या छोट्या मशीनवर अक्षरं कापते. कागदाखालची चिकट मॅट मात्र पार झिजली होती.

"टाकून दे गं ती," मी म्हटलं.

"तोंडाला लगाम घाल! तुम्हा सगळ्यांची नावं तिच्यावरच कापलीत."

मी मॅट उन्हात तिरकी धरली. ब्लेडच्या बारीक रेघांतून नावं मासोळ्यांसारखी वर तरंगली. माझं, दादाचं, धाकटीचं. एक नाव मात्र जागोजागी, नाना वळणांत उमटलं होतं. त्या नावाचं आमच्याकडे कुणीच नाही.

"हे कुणाचं?"

मावशीने मॅट ओढून घेतली, तिच्यावर नवा कागद पसरला आणि तळहाताने अलगद थोपटत राहिली.

"हळू बोल," ती म्हणाली.