सतरा नंबरचे डावे-उजवे

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे, पण चित्रे दाखवणारा पडदा नव्हे. मी पोलादी नळीचा वीतभर तुकडा आहे आणि माझ्या अंगात चार बटणे बसवली आहेत, दोन डाव्या अंगाला, दोन उजव्या. शर्टाच्या बटणाहून ती थोडीच मोठी. जमिनीखालच्या एका बोगद्यात अशा नळ्या जोडून मोठे कडे केले आहे. त्यातून विजेचा भार असलेल्या कणांचा झोत सेकंदाला लाखो फेऱ्या मारतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तो मधोमध चालला आहे की भिंतीकडे सरकला आहे, हे सांगायला कड्यावर आम्ही चोवीस जण बसलो आहोत. माझा नंबर सतरा.

झोत जवळून गेला की माझ्या बटणांवर किंचित वीज उमटते. जवळच्या बटणावर जास्त, लांबच्यावर कमी. त्या फरकावरून त्याची जागा कळते. मी त्याला शिवतसुद्धा नाही. तो भिंतीला शिवला की त्याचा खेळ तिथेच संपतो.

मला दादाने घडवले. दादा म्हणजे आमच्या वर्कशॉपमधला टर्नर, लेथवर धातू कातणारा. त्याची धाकटी बहीण शेजारच्या खोलीत मोजमापाचे काम करायची. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. ताईने माझ्या पोटातून एक बारीक तार ओवली, तीत वीज सोडली आणि तार केसाकेसाने सरकवत माझे आकडे वाचले. तीन दिवस हे चालले होते.

"दादा, तुझ्या सतरा नंबरचा मध्य जरा वर सरकलाय," ती म्हणाली.

दादाचा चेहरा उतरला. "मग काय, भंगारात?"

"भंगारात कशाला? तुझं नाकही जरा वाकडंच आहे, घरात ठेवलंच ना तुला? चूक कुठे आणि किती, एवढं माहीत असलं की झालं."

तिने एका कार्डावर लिहिले, 'मध्य ०.१२ मिलिमीटर वर.' ते कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून माझ्या गळ्यात बांधले. त्यानंतर मी बोगद्यात गेलो.

आमच्या वायरी ताईच जोडायची. नियम असा होता की झोत जिकडे जातो तिकडे तोंड केले आहे असे समजायचे आणि मग डावे-उजवे ठरवायचे. आमच्या कड्यात झोत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. म्हणून कड्याच्या आतल्या पायवाटेवर उभे राहिले की जवळची दोन बटणे ती उजवी. ताईच्या हातांना ते इतके पाठ होते की ती गप्पा मारत वायरी लावायची. बारा वर्षे माझे छान चालले. नियंत्रण कक्षाच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते कुणालाही उभे करून प्रश्न विचारत. काही अडले की तेच म्हणत, "सतराला विचारा." मला ते ऐकून बरे वाटायचे.

मग एका वर्षी देखभालीसाठी यंत्र बंद असताना जुन्या वायरी बदलायच्या ठरल्या. त्या दिवशी नेमकी माझ्यासमोर, आतल्या पायवाटेवर, हवा खेचणाऱ्या पंपाची गाडी उभी होती. ताई वळसा घालून बाहेरच्या बाजूला गेली. त्या बाजूने जवळची बटणे डावी. पण हातांनी सवयीप्रमाणे जवळच्या दोघांना उजव्या वायरी लावल्या. मला ते लगेच जाणवले, पण सांगणार कसे?

यंत्र सुरू झाले. झोत बाहेर सरकला की मी 'आत' सांगू लागलो. झोत सावरणारी यंत्रणा माझ्यावर विसंबून त्याला आणखी बाहेर ढकलायची आणि तो भिंतीवर आदळायचा. असे चारदा झाले. मास्तर ताईला घेऊन खाली आले.

"ताई, सतरा उलट्या बोंबा मारतोय. वायरी उलट्या तर नाही ना लागल्या?"

ताईला ते लागले. "बारा वर्षं मी जोडतेय, मास्तर. एक तरी वायर उलटी निघाली?"

"तसं नाही हो. मग संगणकातलं अधिक-उण्याचं चिन्ह तेवढं बदलू?"

"जोडणी बरोबर असताना चिन्ह कशाला बदलायचं? सतराच बिघडलाय."

ताईच्या कामावर बोट ठेवायची सोय नव्हती. मास्तर वायरींकडे न बघताच वर गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसे झाले. माझे नाव न ऐकायच्या यादीत गेले. तीन वर्षे झोत माझ्या अंगाजवळून जात राहिला, मी सांगत राहिलो आणि कुणी ऐकले नाही. मला वाईट वाटत होते, ते लपवण्यात अर्थ नाही.

शेवटी मला कापून काढायचे आणि तिथे साधी नळी बसवायची असे ठरले. ताईच्या नोकरीचा तो शेवटचा महिना होता. वायरी सोडवायला ती स्वतः आली. मास्तर सोबत होते.

"दादा दर रविवारी विचारतो, माझा सतरा कसा आहे," ती म्हणाली. "मी आपली बरा आहे म्हणते. आता काय सांगू?"

"म्हातारा झाला म्हणा," मास्तर म्हणाले आणि पुढच्या मॉनिटरकडे गेले.

ताई आतल्या पायवाटेवर उभी राहिली. तिने जवळच्या वायरीला हात घातला. वायरीवरच्या पट्टीवर लिहिले होते, 'डावे'. तिने खालची वायर धरली. तीही 'डावे'. ती पान्ह्यांच्या पेटीवर बसली. चारी वायरी सोडवून टाकल्या असत्या तर कुणालाही काही कळले नसते. मी भंगारात गेलो असतो आणि तिचे नाव होते तसे राहिले असते.

"मास्तर," तिने हाक मारली, "सतरा चांगला आहे. वायरी मीच उलट्या लावल्यात."

मास्तरांनी वाकून पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "राहू द्या, ताई. आत्ता बदलून टाका. जाता जाता कशाला बोभाटा?"

"आणि तीन वर्षं याला खोटारडा म्हणत होतो, त्याचं काय?"

तिने वायरी बरोबर लावल्या आणि माझ्या गळ्यातले कार्ड काढले. दादाच्या चुकीखाली लिहिले, 'तीन वर्षे डावे-उजवे उलटे. चूक जोडणारीची.' खाली सही केली. उरलेल्या दिवसांत तिने चोवीसही मॉनिटरांच्या पट्ट्या बदलल्या. आता त्यांवर 'आतले' आणि 'बाहेरचे' असे लिहिले आहे. कुठल्याही बाजूला उभे राहा, आतले ते आतलेच.

मित्रांनो, आता मला पुन्हा विचारतात. माझे मागणे एवढेच, की एखादे यंत्र उलटे बोलू लागले तर ते फेकण्याआधी आपण लावलेली वायर एकदा बघा, आणि ती लावणारा हात मोठा असेल तर दोनदा बघा. ताई आता येत नाही. कार्ड मात्र माझ्या गळ्यात आहे. नवीन माणूस आला की मास्तर त्याला आधी ते वाचायला लावतात, वर भावाची चूक, खाली बहिणीची. वाचून झाले की म्हणतात, "आता सतराला विचारा."