एकाच सुराचं पान

दादाची करंगळी आखडली आणि आम्ही विसाव्या शतकात शिरलो.

आमच्या क्वार्टेटमध्ये आम्ही चौघं. दादा पहिलं व्हायोलिन, मी दुसरं, व्हायोलिनच्याच थोरल्या भावंडावर, व्हायोलावर, आमचे दातांचे डॉक्टर आणि चेलोवर वहिनी. मी कुणाकडे शिकले नाही; दादाची शिकवणी दाराबाहेर बसून चोरली. त्यामुळे त्याचं बोट जरासं खाली पडतंय, सूर उतरतोय, हे आधी मलाच कळलं. त्याला कळत नव्हतं, कारण कानही थकले होते. "तुम्ही तिघं वर सरकताय," असं तो आमच्यावरच डाफरायचा.

जुन्या, गोड रचनांत असली चूक पांढऱ्या सदऱ्यावरच्या शाईसारखी दिसते. म्हणून डॉक्टरांनी सुचवलं, गेल्या शतकातलं वाजवू. त्यात सूर मुद्दामच एकमेकांच्या अंगावर धावून जातात. कुणाचं बोट चुकलं आणि कुणाचं लिहिल्याबरहुकूम पडलं, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. दादा तर हरखलाच. "म्हातारपणी धीट झालात की रे सगळे!" म्हणाला. श्रोते निम्म्यावर आले, पण दादाच्या हातातलं व्हायोलिन सुटलं नाही. आम्हाला तेवढंच हवं होतं.

मग त्यानं ती रचना आणली. युद्धाच्या वर्षांत कुणीतरी लिहिलेली. आधी सगळी आदळआपट, आणि शेवटच्या पानावर चौघांनी मिळून एकच सूर. तोही हळू, लांबच लांब. लपायला कोपरा म्हणून नाही. पहिल्याच तालमीत दादाचा सूर तिथे खाली पडला.

"हे पान गाळलं तर?" डॉक्टरांनी चाचरत विचारलं.

"डॉक्टर, तुम्ही दाढ अर्धीच काढता का हो?" दादा म्हणाला. "पण तालमीत आता हे पान नको. शिळं होईल. थेट कार्यक्रमात."

तो आत गेल्यावर वहिनी चेलोची तार पुसत म्हणाली, "आपणच खाली येऊ या. त्यांच्याजवळ."

मग दादा फिरायला गेला की आमची तालीम. वहिनी तो सूर मोकळ्या तारेवर वाजवायची, तो आता शेजारच्या जाड तारेवर बोटानं दाबू लागली, म्हणजे खाली घेता येईल. आम्ही चुकीचा सूर अगदी अचूक लावायला शिकलो. डॉक्टर म्हणायचे, "एवढी मेहनत बरोबर वाजवायला केली असती, तर आज कुठच्या कुठे असतो!"

कार्यक्रमात ते पान आलं. आम्ही तिघं खाली जाऊन दादाची वाट बघत थांबलो. आणि दादाचं बोट पडलं ते बरोब्बर जागेवर. स्वच्छ, सरळ, तरुणपणी पडायचं तसं.

आमचा खालचा आणि त्याचा खरा, दोन सूर एकमेकांना ओरबाडायला लागले. पहिल्या रांगेतल्या बाईच्या कपाळावर आठी पडली. मी वहिनीकडे पाहिलं, वर जाऊ का म्हणून. तेवढ्यात दादा खाली आला. हळूच, चुकून दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेला माणूस उठतो तसा. चौघांचा सूर एक झाला. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या.

घरी आल्यावर त्यानं कोटाच्या खिशातून सूर मिळवायचा ट्यूनिंग फोर्क काढला आणि टेबलावर ठेवला.

"रोज पहाटे हा कानामागच्या हाडाला टेकवून तो एक सूर घोटला," तो म्हणाला. "हाडाला ऐकू येतं अजून. बोटाला जागा पाठ करून दिली. वाटलं, एवढा एक तरी नीट लावीन. लागला असंच वाटलं मला. पण तुम्ही तिघं एकत्र होतात, म्हणजे मीच चुकलो. आता काही राहिलं नाही गं."

मी तोंड उघडलं. 'तू बरोबर होतास' एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्याच्या पाठोपाठ बाकीचं सगळं सांगावं लागलं असतं, सगळे कार्यक्रम, सगळ्या तालमी, आमचा धीटपणा.

"दमलात तुम्ही," वहिनी म्हणाली. "झोपा आता."

त्यानं चारही तारा सैल केल्या, पेटी बंद केली आणि फोर्क माझ्या हातात दिला. "तू ठेव. तुला कान आहे."

पुढच्या रविवारी आम्ही तिघंच बसलो. दादा आतल्या खोलीत, दार लावून. मी फोर्क गुडघ्यावर आपटला आणि आम्ही सूर धरला.

खालीच लागला. तिघांचाही, अगदी एकसारखा.