चेलोवर सलूनमधलं गाणं

चिमणीला चिमणी म्हणत, कारण संगीतशाळेत एकत्र वाजवणाऱ्या तिघांत तीच सगळ्यात बुटकी, आणि वाजवायला मात्र तिने निवडला होता चेलो. ती जिना चढायला लागली की मागून पाहणाऱ्याला नुसता चेलोच वर चाललाय असं वाटे. आत्मविश्वासाला मात्र तिच्याकडे काही तोटा नव्हता.

व्हायोलिन तिच्या मावसभावाकडे; त्याला सगळे दादा म्हणत. बासरीवाला प्रोफेसर वयाने विशीचा, चष्मा मात्र साठीतला. स्पर्धा तोंडावर आली होती आणि तिघांचं काही केल्या जमत नव्हतं. सूर चोख, ताल चोख, पण प्रत्येकजण स्वरलिपीच्या कागदात डोकं खुपसून आपापला वेगळा संसार मांडून बसलेला.

"बास!" चिमणीने चेलोचा गज खाली ठेवला. "आज प्रत्येकाने आपलं आवडतं ऐकवायचं. शास्त्रीय सोडून. बाकीच्यांनी नाक मुरडायचं नाही. मग तिघांनी मिळून ते वाजवायचं, कागदाशिवाय."

"स्पर्धा डोक्यावर, आणि हिला गाणी सुचतायत," दादा कुरकुरला खरा, पण मोबाइल आधी त्यानेच काढला. त्याच्या रॉकने खिडकीच्या काचा थरथरल्या. प्रोफेसरने एका म्हाताऱ्या गायिकेचं संथ जॅझ लावलं आणि चष्मा काढून डोळे मिटले, तेव्हा कुठे तो विशीचा दिसला.

चिमणीने लावलं जुनं डिस्को. तिच्या आईच्या सलूनमध्ये दिवसभर तेच चाले. शाळा सुटली की तिथल्या फिरत्या खुर्चीत बसून ती गृहपाठ करायची. संगीतशाळेत दादा सोडून हे कुणाला माहीत नव्हतं. लपवलं नव्हतं तिने, कुणी विचारलंच नव्हतं.

"हे?" प्रोफेसरची भुवई वर चढली.

"नाक!" चिमणीने दटावलं आणि बोटांनी तारा छेडत ठेका धरला.

दादा उशिरा शिरला, प्रोफेसर आधीच घुसला. तिघांनाही हसू आवरेना. पुन्हा सुरुवात केली. समोर कागद नव्हता, त्यामुळे एकमेकांच्या तोंडाकडे बघणं भागच होतं. सुरू करण्याआधी दादाचा खांदा किंचित वर जातो, हे चिमणीला आज पहिल्यांदा दिसलं. हळूहळू गाणं उभं राहिलं. प्रोफेसर तर चक्क पाय आपटत होता.

"आता आपलं स्पर्धेचं," म्हणत तिने कागदांचे स्टँड भिंतीकडे ढकलले.

"अगं, पाठ नाहीये!" प्रोफेसर म्हणाला.

"पाठ कधीच झालंय. वाजव."

दोनदा घसरली, पण दोन्ही वेळा तिघं मिळून सावरली. संपल्यावर दादाने नुसतं "पुन्हा?" असं विचारलं.

स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला. शेवट घाईचा झाला, असं परीक्षक म्हणाले. बरोबरच होतं ते. दादा सुसाट सुटला होता आणि त्याला एकट्याला पुढे जाऊ द्यायचं नाही म्हणून दोघंही त्याच्यामागे धावली होती.

"पुढच्या वेळी मी तुमची वाट बघेन," दादा ओशाळून म्हणाला.

"नको," चिमणी चेलो पाठीवर घेत म्हणाली, "आम्हीच तुला आवरू."